निरभ्र रविवारचं वादळ

१८ मार्च

प्रिय चिमणे,

पत्र लिहायला बसलो की तुझी मामी म्हणते, फोन करा की सरळ. पण तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला फोन म्हणजे डबीत कोंडलेला भुंगा. म्हणून पत्र. आणि काम महत्त्वाचं आहे, तेव्हा नीट वाच आणि नीट उत्तर दे.

परवाच्या रविवारी आमच्या मंडळाची कबुतरांची शर्यत होती. दरवेळेसारखी दाढीनं सगळ्यांची कबुतरं करंड्यांत भरली, आपल्या पावाच्या गाडीत घातली आणि तळ्यापलीकडच्या वीटभट्टीवर नेऊन सकाळी सोडली. दाढी आठवतो ना? माझा दोस्त, बेकरीवाला. दाढी काढून त्याला जमाना झाला, नाव काही निघालं नाही. त्या दिवशी आभाळ म्हणशील तर लख्ख. वारा नाही, ढग नाही, ससाणा नाही. अशा हवेत माझी काजळी दुसरा चहा व्हायच्या आत घरी असते. मी गच्चीवर कबुतरांच्या ढाबळीसमोर कप घेऊन बसलो. चहा निवला, साय धरली, मामीनं तो नेऊन ओतला, तरी आभाळ रिकामंच.

संध्याकाळपर्यंत मंडळातली निम्मीशिम्मी परतली, तीही भलत्याच दिशांनी, भेदरलेली. काजळी आली नाही. अजून नाही.

आता ऐक. त्या दिवशी करंड्यांत दाढीचं स्वतःचं एकही कबूतर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, पिसं झडतायत. या दिवसांत पिसं? मला काय कालचं पोर समजतो? काजळीवर त्याचा डोळा पहिल्यापासून आहे. 'हिचं एक पिल्लू दे' म्हणून कायम मागे लागलेला. कुठेतरी पाणी मुरतंय, चिमणे.

पण एवढ्या वर्षांची दोस्ती, उगाच तोंड टाकायचं नाही म्हणून गप्प आहे. आमच्यातला शिंपी म्हणतो, सूर्यावर वादळ झालं की कबुतरं वाट चुकतात. मला हसूच आलं. वादळ सूर्यावर, आणि चुकायचं वीटभट्टीवरच्या कबुतरानं? मग आठवलं, आमची चिमणी पगार याचाच घेते. तर सांग, रविवारी सकाळी तुझ्या सूर्यानं काही केलं होतं का? केलं असेल तर मी मनातल्या मनात दाढीची माफी मागेन. नसेल तर त्याला माझा जिना बंद.

डोकं चालेनासं झालंय. लवकर लिही.

तुझा बहिरा मामा


२६ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. तुझं पत्र कामावर वाचलं आणि मोठ्यानं हसले, तर सगळ्यांनी माना वळवल्या. इथे हसण्यासारखं फारसं काही नसतं. आम्ही पाच-सहा जणं पडद्यांसमोर बसून सूर्याच्या तब्येतीवर नजर ठेवतो, आणि सध्या ती बिघडली आहे.

वादळ म्हणजे वारा-पाऊस नव्हे. तुझ्या भाषेत सांगते. सूर्य आपल्या पृथ्वीसारखा घट्ट नाही, तापलेल्या वायूचा गोळा आहे. त्याचा मधला पट्टा भरभर फिरतो आणि टोकांकडचा भाग रेंगाळतो. आता त्या गोळ्यातून चुंबकाच्या ओढीचे धागे गेलेत असं समज. एका जागी धागा पुढे पळतोय, दुसरीकडे मागे राहतोय. मागावर असं झालं तर सुताचं काय होईल? पीळ पडेल, गुंता होईल, गाठी वर येतील. त्या गाठी जिथे बाहेर डोकावतात तिथे आम्हाला काळे डाग दिसतात. पीळ फारच वाढला की धागे तुटतात, भलत्याच टोकांना जोडले जातात, आणि त्या झटक्यात सूर्य वायूचा ढगच्या ढग भिरकावतो, चुंबकाच्या धाग्यांसकट. उजेड आठ मिनिटांत पोचतो, ढगाला यायला मात्र दोन-तीन दिवस लागतात. आला की पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व डळमळतं. होकायंत्राची सुई थरथरते, विमानांचे रेडिओ खरखरतात, विजेच्या तारांत नको ते प्रवाह शिरतात.

त्यात आणखी एक भानगड आहे. प्रत्येक ढग त्रास देतोच असं नाही. त्याच्या धाग्यांची दिशा पृथ्वीच्या धाग्यांच्या उलट असली तर तो आत घुसतो, नाहीतर बाजूनं निघून जातो. आणि ती दिशा ढग अगदी दाराशी येईपर्यंत आम्हाला कळत नाही. लोक आम्हाला शिव्या घालतात ते यामुळेच.

आता तुझा रविवार. तक्ता काढून पाहिला. वादळ आलं होतं, चांगलं दणदणीत, पण शनिवारी रात्री. रविवार उजाडला तशी सुई शांत. म्हणजे सूर्यावर आळ घेता येणार नाही. तसंही कबुतरं वाट कशावर शोधतात, चुंबकावर की उन्हावर की वासावर, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ अजून भांडतायत.

पण दाढीकाकांनी काही केलं असेल असं मला वाटत नाही हं. लहानपणी मला गरम पाव द्यायचे, आधी स्वतः फुंकर घालून. घाईत आहे, नवा डाग उगवलाय. मामीला सांग, जेवते वेळेवर.

तुझी चिमणी


४ एप्रिल

प्रिय चिमणे,

तुझं पत्र आलं आणि सगळा उलगडा झाला. मंडळाच्या बैठकीत उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. धाग्यांचं वाचलं तेव्हा शिंपी मान डोलवत होता, त्याला जणू सगळं आधीच ठाऊक. 'सूर्यावर आळ घेता येणार नाही' इथे मी थांबलो आणि दाढीकडे पाहिलं.

मला वाटलं, आता हा उसळणार. चहात साखर कमी पडली तरी भांडणारा माणूस तो. मी शब्द तयार ठेवले होते. पण तो मूग गिळून बसला. सगळ्यांनी ठरवलं की यापुढे करंडे त्याच्या गाडीतून न्यायचे नाहीत. तो 'बरं' म्हणाला. ओठ हलले त्यावरून कळलं. टोपी घेतली आणि गेला.

पुढचं ऐक. दोन दिवसांनी सकाळी दार उघडतो तर जिन्यावर करंडा, आत त्याची करडी जोडी. त्याच्या ढाबळीतली सगळ्यात देखणी. चिठ्ठी नाही, निरोप नाही. चोरी कबूल असल्याशिवाय कोणी असं करतं का? काजळीच्या बदल्यात ही जोडी, म्हणजे फिटलं, असंच ना?

मामी माझ्याशी बोलत नाही. पाटीवर खडूनं लिहिलंय, 'कानांपाठोपाठ डोकंही गेलं.' बरोबर मी होतो, हे तुझ्या पत्रानंच सिद्ध झालं. मग मला घास का जात नाही, हे काही कळत नाही बघ.

मामा

ता.क. तुझ्या पत्रातलं गरम पावाचं मी बैठकीत वाचलं नाही.


१२ एप्रिल

मामा,

आधी बस. मग वाच.

तू माझं पत्र चारचौघांत वाचशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तू सूर्याचं विचारलंस, मी सूर्याचं सांगितलं. त्याची काठी करून तू दाढीकाकांच्या पाठीत घालशील हे कुठे माहीत होतं? रागानं मी तो तक्ता पुन्हा काढला, तुला आणखी काही सुनवावं म्हणून. आणि तिथेच मी गार पडले.

आमच्या भिंतीवरचं घड्याळ इथलं नाही आणि तुमच्याकडचंही नाही. सगळ्या जगासाठी एकच वेळ धरतात, तक्ते त्या वेळेवर चालतात. वर्षानुवर्षं तेच बघून मला दुसरी वेळ असते हेच आठवत नाही. तुझ्या वीटभट्टीवर रविवारची सकाळ झाली तेव्हा आमच्या भिंतीवर अजून शनिवारची रात्र होती. समजलं का? ते शनिवार रात्रीचं वादळ म्हणजेच तुझी रविवारची सकाळ. करंडे उघडले त्याच वेळी सुई सगळ्यात जास्त हलत होती. नव्या माणसांना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. आणि माझ्याच मामाला उत्तर देताना शेण खाल्लं.

आता नीट ऐक, पुन्हा घाई करू नकोस. वादळ होतं, एवढंच मी सांगू शकते. काजळीच्या डोक्यात काय झालं ते मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण 'सूर्य शांत होता' हे खोटं होतं, आणि त्या खोट्यावर तू एका माणसाला टोपी उचलून जायला लावलंस. तू आणि मी, दोघांनी मिळून.

हे पत्र हातात पडताच दाढीकाकांकडे जा. आणि हेही पत्र बैठकीत वाच. तेवढ्याच मोठ्यानं.

चिमणी


१३ एप्रिल

प्रिय चिमणे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, कारण काजळी आली!

काल दुपारी. वाळून नुसती काडी झालीय, शेपटाची दोन पिसं नाहीत, पण आली. आणि आली कुठून, तर मावळतीकडून. वीटभट्टी उगवतीला, दाढीचं घर उगवतीला, आणि ही मावळतीकडून. म्हणजे दाढीकडे ती नव्हतीच. सूर्य शांत होता असं तू म्हणतेस. सूर्यानं काही केलं नाही, दाढीनं काही केलं नाही, मग माझं पाखरू इतके दिवस भलतीकडे काय करत होतं? मला वेड लागायची पाळी आलीय.

आणि दुसरा घोळ. काजळीला आत घेताना ढाबळीचं दार उघडं राहिलं आणि दाढीची करडी जोडी भुर्रकन उडाली. सरळ त्याच्या गच्चीवर जाऊन कठड्यावर बसली. इथून दिसते. मोठं झालेलं कबूतर कितीही लाडानं ठेव, सुटलं की आपल्याच ढाबळीकडे जातं. हे दाढीला माहीत नाही होय? चाळीस वर्षं कबुतरं पाळणाऱ्याला? मग जोडी मला दिलीच कशाला?

जोडी कालपासून तिथेच आहे, आणि त्यांना कोणी दाणे टाकताना दिसत नाही. त्याच्या खिडक्या बंद. मामी पाव आणायला गेली तर बेकरीला कुलूप. मी काही जाणार नाही त्याच्याकडे. कोणत्या तोंडानं जाऊ?

पण उपाशी बसलीत गं ती.

मामा


२२ एप्रिल

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. शिव्या पोचल्या. कमीच होत्या.

पण खरं सांगतो, त्याच्याकडे मी तुझ्या पत्रामुळे गेलो नाही. ते यायच्या आदल्या दिवशीच गेलो होतो, खिशात दाणे घेऊन. जोडीकडे बघवेना. शेजारच्या बाईनं गच्चीची किल्ली दिली आणि ओरडून ओरडून सांगितलं की दाढी इस्पितळात आहे. गच्चीवर गेलो तर ढाबळ रिकामी, झाडूनपुसून स्वच्छ. एक पीस नाही. जोडीला दाणे टाकले आणि तसाच इस्पितळात गेलो.

छाती गेलीय त्याची. मैद्यानं नाही, कबुतरांनी. पिसांची धूळ वर्षानुवर्षं आत जाऊन फुप्फुसं कडक झालीत. डॉक्टरनं थंडीतच सांगितलं होतं, कबुतरं ठेव नाहीतर श्वास ठेव. हा गुपचूप एकेक कबूतर देऊन मोकळा झाला, पण मला चकार शब्द नाही. म्हणून करंड्यांत त्याचं एकही नव्हतं. पिसं झडतायत म्हणे!

मला वॉर्डात सोडेनात. नर्सनं कपड्यांवरचं पीस चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवलं. घरी आलो, अंघोळ केली, जावयाचा सदरा घातला, पुन्हा गेलो. आणि मग आमची बैठक बघायला हवी होतीस. त्याला बोलवेना, मला ऐकू येईना. तुझं दुसरं पत्र पोचलं त्या दिवशी ते नेलं आणि इतक्या मोठ्यानं वाचलं की नर्स धावत आली. वादळ होतं रे, मी म्हटलं, तुझी काही चूक नाही, मीच गाढव.

त्यानं डोळे मिटून 'नाही' अशी मान हलवली. मग माझ्याकडून पेन घेतलं आणि पावाच्या पिशवीवर लिहिलं, 'करंडे उघडताना खोकल्याची उबळ आली. पाखरं बिचकली, तुकड्या-तुकड्यांनी उडाली. घिरट्या घालत राहिली. चूक माझीच.'

कळलं? बैठकीत तो म्हणूनच गप्प बसला. मी त्याला चोर म्हणत होतो, आणि तो मनात स्वतःलाच दोषी धरून बसला होता. आता कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, वाचेल, पण उमेद धरत नाही, जेवत नाही.

चिमणे, तुझ्यापुढे हात जोडतो. त्याला एक ओळ लिही, 'सूर्यानंच केलं.' तुला खात्री नाही, मला माहीत आहे. तरी लिही. पहिलं खोटं चुकून लिहिलंस, हे मुद्दाम लिही.

मामा


३० एप्रिल

ती. दाढीकाका,

नमस्कार. मी चिमणी. तुमच्या बेकरीच्या ओट्यावर पाय हलवत बसणारी.

मामा म्हणतो, तुम्हाला लिही की सूर्यानंच केलं. तीन कागद फाडले, काका. मला खरंच माहीत नाही. एकदा मी खात्रीनं लिहिलं आणि तुमचं वाटोळं केलं, आता खात्रीनं काही लिहायला हात धजत नाही. त्याबद्दल मला माफ करा. चूक माझ्या घड्याळाची नव्हती, माझी होती.

पण जे माहीत आहे ते सांगते. तुम्ही करंडे उघडलेत त्या सकाळी फक्त तुमच्या वीटभट्टीवर काही झालं नाही. सूर्यावरून तीन दिवसांपूर्वी निघालेला ढग त्याच वेळी पृथ्वीवर आदळत होता, आणि त्याचे धागे नेमके उलटे होते. ध्रुवाजवळून जाणारी विमानं वाट बदलून गेली. समुद्रातल्या जहाजांना एकमेकांचे आवाज ऐकू येईनात. जगातल्या झाडून सगळ्या होकायंत्रांच्या सुया थोड्याथोड्या हलल्या. एवढं सगळं तुमच्या खोकल्यानं झालं नाही, काका.

पाखरं बिचकली असतील. बिचकलेलं पाखरू दोन घिरट्या घालतं आणि घर गाठतं, हे तुमच्याकडूनच शिकले मी. ती घिरट्या घालतच राहिली, असं तुम्हीच लिहिलंत. ते का, हे मला कळत नाही. तुम्हालाही कळत नाही. मग सगळा दोष एकट्यानं का घेता? अर्धा तरी सूर्याला द्या. तो मोठा आहे, त्याला पेलेल.

जेवा. आणि मामाला फार छळू नका, थोडं छळा.

तुमची चिमणी


२४ मे

चिमणे,

हात थरथरतो, अक्षर लावून घे. घरी आलो. कबुतरांना शिवायचं नाही, गच्चीच्या दाराला काच बसवलीय आणि मी काचेच्या आत. तुझं पत्र उशीखाली आहे. अर्धा दोष दिला सूर्याला. उरलेला अर्धा कधी वाटतो, कधी वाटत नाही. तुझ्या मामाला मात्र सांगितलंय, सगळा सूर्याचाच. नाहीतर तो मला शर्यतीतल्या एकेका कबुतराची गोष्ट पुन्हा विचारत बसेल.

एक तुलाच सांगतो. त्याला कळवू नकोस.

ती करडी जोडी. तुझा मामा आधी समजला चोरीची भरपाई. आता समजतो, मला सांभाळता येईना म्हणून त्याला देऊन टाकली. मंडळात डोळे पुसत सांगतो म्हणे. अगं, बाकीची कबुतरं मी कुठे कुठे लांब देऊन आलो, ही जोडीच मुद्दाम त्याच्या जिन्यावर ठेवली. मला पक्कं ठाऊक होतं, पहिल्यांदा दार उघडेल तेव्हा ती परत माझ्या कठड्यावर येणार, आणि ती घ्यायला तो तणतणत माझ्या दारात येणार. मला आजारपण सांगायचं होतं, पण त्या बैठकीनंतर आपण होऊन त्याच्यासमोर उभं राहायला जीव होईना. म्हटलं, त्यालाच येऊ दे. पाखरांनी चोख काम केलं. त्यानं दार उघडायलाच इतके दिवस लावले, तोवर मला उचलून नेलं. आणि दार उघडल्यावरही हा आपल्या गच्चीवरून नुसता बघत बसला, गाढव.

जोडी आता इथेच असते. तो रोज सकाळी माझ्या गच्चीवर येतो, दाणे टाकतो, ढाबळ झाडतो. काजळीला करंड्यातून घेऊन येतो आणि इथून सोडतो, तेवढाच तिचा व्यायाम. पण सोडण्याआधी काचेसमोर येऊन उभा राहतो, आभाळाकडे बोट करतो आणि भुवया उडवतो. म्हणजे, आज सूर्य कसा आहे? आभाळ निरभ्र असलं तरी विचारतो. निरभ्र असलं की जास्तच विचारतो.

सुनेनं तुमच्या कार्यालयाचं रोजचं भाकीत माझ्या फोनवर लावून दिलंय. ते मी बघतो. आकडे, रंग, रेघा, काडीचं समजत नाही. तरी चष्मा चढवून नीट बघितल्यासारखं करतो आणि अंगठा वर करतो. मग तो करंडा उघडतो.

काल खालच्या रेघेचा रंग बदललेला दिसला, म्हणून अंगठा खाली केला. त्यानं करंडा बाजूला ठेवला, काचेपलीकडे पायरीवर बसला, आणि आम्ही दोघं दुपारपर्यंत तसेच बसून राहिलो.

दाढी